अक्षर सुधारायचंय? आधी टेबलाखाली बघा

मुलाचं अक्षर खराब आहे म्हटलं की घरोघरी एकच उपाय होतो, मेन रोडवरून दुरेघी वही आणायची, रोज एक पान शुद्धलेखन लावायचं आणि शेजारी बसून "नीट काढ, गोल काढ, रेघेवर काढ" असा धोशा लावायचा. वही भरते, अक्षर आहे तिथेच राहतं आणि वर मूल लिहिण्याचं नाव काढलं की तोंड फिरवायला लागतं. मी नाशिकमध्ये इंदिरानगरला घरीच अक्षराचे क्लास घेते, उन्हाळ्याच्या सुट्टीत जास्त, एरवी शनिवार-रविवार, आणि नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी त्याची वही मी उघडतच नाही, ते बसतं कसं आणि पेन उचलतं कसं एवढंच बघते. अक्षर बोटांतून उतरतं हे खरं, पण बोटांना मोकळं सोडायचं काम मनगट करतं, मनगटाला आधार खांदा देतो, खांद्याला पाठ, आणि पाठीला शेवटी बूड आणि पाय. सुरुवात तिथून करायची सोडून आपण थेट बोटांवर ओरडत बसतो.

हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून एक करून बघा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं टेबलावर वाजवा. धरलेल्या जागी काहीतरी हलताना जाणवेल. बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात आणि तिथून त्यांच्या लांब कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटातून पुढे बोटांच्या हाडांपर्यंत जातात. पंजाच्या आत छोटे स्नायू आहेत, अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा दिसतो तो त्यांचाच, आणि वेलांटीचं बारीक वळण, ळ ची गाठ, असलं नाजूक काम हे छोटे स्नायू करतात. पण ते नाजूक काम करू शकतात केव्हा, तर बाकीचा हात स्थिर असेल तेव्हा. नाशकात सध्या कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतोच, तिथे जेसीबी काम करताना नीट बघा, खोदायला सुरुवात करायच्या आधी तो मागचे दोन लोखंडी पाय जमिनीवर टेकवतो, कारण ते टेकल्याशिवाय मागचा एवढा लांब हात वापरला तर सगळं मशीनच हलेल. मुलाचंही हेच आहे, पाय अधांतरी, पाठ वाकलेली, खांदा डुगडुगतोय, मग ती स्थिरता कुठून तरी आणायची म्हणून ते पेन घट्ट आवळतं. आपल्याला दिसतं फक्त घट्ट धरलेलं पेन.

आता मनगट. हात समोर धरा, मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा, म्हणजे तळवा आपल्याकडे येईल असं, आणि त्या स्थितीत मूठ घट्ट आवळून बघा. नीट आवळली जात नाही, जोर लागतो, मनगट ओढल्यासारखं होतं. आता मनगट जरा मागे वळवा, बोटं आपोआप मिटायला लागतात, काही करावंच लागत नाही. या कंडरांची लांबी ठरलेली असते म्हणून असं होतं. लिहितानाही मनगट साधारण 20 ते 30 अंश मागे वळलेलं असलं की पेन धरायला वेगळा जोर लागत नाही, आणि मनगट आत मुडपून लिहिणाऱ्या मुलाला तेच पेन धरून ठेवायला जास्त मेहनत पडते. आणि आपण त्याला म्हणतो, आळशी आहेस.

बसण्याचं माप बघू. पाय पूर्ण टेकलेले पाहिजेत, नुसत्या टाचा किंवा नुसते चवडे नाही, अख्खं पाऊल. गुडघे, कमर आणि कोपर तिन्ही जवळपास काटकोनात. बूड खुर्चीत मागेपर्यंत. टेबलाची उंची अशी की मुलाने हात बाजूला सोडून कोपर वाकवलं की टेबल त्या कोपराच्या पातळीला किंवा त्याहून दोनेक इंच वर असावं, त्यापेक्षा जास्त नाही. पोट आणि टेबलाची कडा यांच्यात एक मूठ मावेल एवढी जागा. वही डोळ्यांपासून किती लांब हे मोजायला सोपी पद्धत आहे, मुलाने कोपर टेबलावर टेकवून मूठ गालाला लावायची, म्हणजे कोपरापासून बोटांच्या पेरापर्यंतची त्याची स्वतःची जी लांबी आहे तेवढं अंतर. मोठ्या माणसाला ते 35-40 सेंटिमीटर येतं, मुलांना कमी, आणि ते बरोबरच आहे.

आता आपल्या घरात काय असतं ते बघा. डायनिंग टेबल साधारण 75 सेंटिमीटर उंच, खुर्चीची बैठक 45. पहिली-दुसरीतलं मूल असतं 120 सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्याला लागते 32 ते 35 सेंटिमीटरची बैठक आणि 55-58 सेंटिमीटरचं टेबल. म्हणजे पाय लोंबकळणार, टेबल छातीला येणार, कोपर टेबलावर ठेवायचे तर खांदे वर उचलावे लागणार. असं अर्धा तास बसून कोणीही चांगलं लिहू शकत नाही, आपण मोठे पण नाही.

सातपूरहून एक चौथीतला मुलगा यायचा, त्याची आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, याला लिहायला बसवलं की रडतोच, पाच ओळी झाल्या की हात दुखतो म्हणतो, नाटकं करतो नुसती." मी म्हटलं, "ताई, घरी बसतो तसाच इथे बसू दे त्याला, आणि तुम्ही टेबलाखाली बघा." दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना वेटोळं घालून घट्ट अडकवलेले होते, कारण खाली टेकायला काही नव्हतं, आणि वर उजवा खांदा कानाला लागलेला. वहीचं पान उलटून मागून बोट फिरवायला सांगितलं तर प्रत्येक अक्षर उठून आलेलं, एके ठिकाणी कागद फाटलेला. मग पायाखाली पाट दिला, तो पुरेना म्हणून त्यावर रद्दीचा गठ्ठा, बुडाखाली घडी घातलेली गोधडी, आणि तीच पाच वाक्यं परत लिहायला लावली. अक्षर काही एकदम मोत्यासारखं झालं नाही, तसं होत नसतं, पण पानाच्या मागचे उठाव कमी झाले आणि पाच ओळींच्या पुढे तो आपणहून तीन ओळी लिहून गेला. त्या माउलीने काही न बोलता मोबाइल काढला आणि त्या गठ्ठ्याचा फोटो घेतला.

बऱ्याच घरात टेबल नसतंच, मुलं खाली बसून लिहितात, आणि त्यात काही कमीपणा नाही, उलट मांडी घातली की बैठक छान रुंद मिळते. अडचण होते ती वही जमिनीवर ठेवली की, कारण मग पाठ पूर्ण कमान होते, मान लोंबते, आणि सगळं वजन डाव्या हातावर येतं. वही उचलून वर आणा. चौरंग असेल तर उत्तम, नसेल तर दप्तर आडवं ठेवा आणि त्यावर परीक्षेचं पॅड असं टेकवा की लांबची बाजू उंच आणि जवळची खाली येईल. हा जो ढाळ मिळतो ना, 20 अंशांच्या आसपास, तो खूप कामाचा आहे, त्याने मान कमी वाकते आणि मनगट आपोआप मागे वळतं. जुन्या पेढ्यांवर गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींची लाकडी डेस्कं अशीच ढाळाची असायची, दिवसभर लिहिणाऱ्या माणसाला ते सोयीचं पडायचं. आणि मांडी घातल्यावर पाठ मागे कलत असेल तर बुडाखाली एक जाडसर उशी द्या, कमर उचलली की पाठ सरळ होते. पलंगावर पालथं पडून लिहिणं मात्र बंद करा, गोष्टीचं पुस्तक वाचायला ठीक आहे, लिहायला नाही, कारण कोपरावर वजन टाकलं की हात सरकतच नाही.

हात सरकणं हा मुद्दा फार कमी लोक सांगतात आणि देवनागरीत तर तो सगळ्यात महत्त्वाचा आहे, आपल्याला प्रत्येक शब्दावर शिरोरेषा द्यायची असते. मुलाची वही घ्या आणि फक्त शिरोरेषा बघा. लांब शब्दावरची रेघ मध्ये फुगलेली आणि शेवटी खाली उतरलेली दिसली तर समजा की मूल मनगट एका जागी रोवून तिथूनच हात फिरवतंय, कारण एका जागेवरून फिरणारी गोष्ट कमानच काढणार, सरळ रेघ नाही. रेघ सरळ हवी तर मनगटाने कागदावरून पुढे सरकायला हवं आणि ती हालचाल कोपरातून आली पाहिजे. आता गंमत बघा, उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात कागदावर उजवीकडून तिरका येतो, त्यामुळे कोपरापासून हात वळवला की पेन उजवीकडे जाता जाता थोडं वर चढतं. कागद सरळ ठेवला की ओळी वर चढतात आणि आपण मुलाला रागावतो. त्याऐवजी कागदच डावीकडे कलता करा, म्हणजे वरचा भाग डावीकडे झुकेल असा, मग तीच चढणारी रेघ ओळीवर बरोबर बसते. इंग्रजी कर्सिव्ह, म्हणजे अक्षरं एकमेकांना जोडून, लिहिताना 30 अंशांपर्यंत कलला तरी चालतो, मराठीत उभे काने सरळ ठेवायचे असतात म्हणून मी त्याहून थोडा कमी, 15-20 अंशच सांगते. टेबलावर रंगीत टेप चिकटवून वहीची जागा आखून दिली तर रोज सांगावं लागत नाही.

डावा हात कुठे असतो तेही बघा. गालाला टेकू दिलेला, मांडीवर पडलेला किंवा खोडरबराशी खेळत असलेला, बहुतेक वेळा असंच. डाव्या हाताने वही धरायची असते, आणि पान भरत येईल तशी वही वर सरकवायचीही त्यानेच असते. वही सरकवली नाही तर शेवटच्या ओळींना लिहिणारा हात टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतो, मनगटाला काही आधार उरत नाही आणि पानाच्या खालच्या चार ओळी खराब येतात. पुष्कळ पालक म्हणतात की पानाच्या शेवटी शेवटी हा कंटाळतो. कंटाळत नाही हो, आधार सुटतो.

एवढं सगळं झालं की मग पेन. पकड चिमटीची. अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांच्या मऊ भागाने पेन धरायचं आणि खालून मधल्या बोटाने टेकू द्यायचा, नखाच्या शेजारी बोटाची जी कड आहे तिथे. पेनचा मागचा भाग अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या खोबणीत किंवा तर्जनीच्या बुडाशी विसावतो. बोटं टोकापासून साधारण इंचभर मागे, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि मान वाकवावी लागत नाही. अनामिका आणि करंगळी हलकी मिटून तळव्याकडे, आणि हाताची करंगळीकडची कड कागदावर टेकलेली. ही कड म्हणजे हाताचा पाया आहे, तीन बोटं काम करतात आणि दोन बोटं हात सांभाळतात. ही दोन बोटं हवेत उघडी राहणाऱ्या मुलांना मी एक चिंचोका देते, तो करंगळी आणि अनामिकेखाली दाबून धरायचा आणि लिहायचं, चिंचोका पडला की परत धरायचा. अगदी लहान मुलं तोंडात घालतात, त्यांना चिंचोका नको, कागदाचा बोळा द्या.

पेन योग्य धरायला शिकवायची सगळ्यात सोपी युक्ती अशी, पेन टेबलावर आडवं ठेवायचं, टोक मुलाकडे. मुलाने टोकाच्या वरचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलायचा, मग डाव्या हाताने पेनचं मागचं टोक धरून पेन गरकन मागे फिरवायचं की ते बरोबर खोबणीत जाऊन बसतं आणि मधलं बोट आपोआप खाली येतं. मुलांना ते गरकन फिरणं फार आवडतं, रोज लिहायला बसताना एकदा करायचं, भाषण द्यायची गरज नाही.

आता एक गोष्ट मी ठामपणे सांगते कारण यावरून मुलांना उगाच मार बसलेला आहे. ही तीन बोटांची पकड हीच एकमेव बरोबर पकड, असं नाही. चार बोटांची पकड असते, म्हणजे मधल्याबरोबर अनामिकाही पेनला लागते, आणि अंगठा पेनवरून थोडा आडवा जाणारी पकडही असते, या पकडींनीही माणसं भराभर आणि स्वच्छ लिहितात, अक्षराच्या सुबकपणात फार फरक पडत नाही असंच अभ्यासांतही दिसलेलं आहे. सातवी-आठवीतल्या मुलाचं अक्षर वाचता येतंय, हात दुखत नाहीये, वेग बरा आहे, तर त्याची पकड पुस्तकातल्या चित्रासारखी नाही म्हणून बदलायला जाऊ नका. बदलावी कोणती, तर मुठीत धरलेली, अंगठा बाकीच्या बोटांवरून पूर्ण गुंडाळलेला, तर्जनीचं शेवटचं पेर उलटं आत दबलेलं, नखं पांढरी पडलेली, किंवा लिहून झालं की मूल हात झटकतंय, बोटं चोळतंय. मधल्या बोटाला थोडा घट्टा सगळ्यांनाच पडतो, पण तो लाल असेल, दुखत असेल तर दाब जास्त होतोय.

दाब कमी करायला "हळू दाब" म्हणून उपयोग होत नाही, मुलाला ते कळतच नाही. त्याला कळेल असं काहीतरी द्या. कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा, जोरात दाबलं की टोक कागदातून आत जाईल, मग हात आपोआप हलका होतो. पेनसुद्धा बघा, साधं बॉलपेन दाब मागतं आणि जरा उभं धरावं लागतं, जेल पेन किंवा शाईपेन नुसतं टेकवलं तरी उमटतं. पेन्सिल असेल तर जरा मऊ घ्या. ते रबरी ग्रिप आणि तिकोनी पेन्सिली मिळतात, त्या वाईट नाहीत, बोटं कुठे ठेवायची याची आठवण राहते, पण खुर्ची तशीच ठेवून नुसता ग्रिप लावला तर त्यावर खर्च केलेले पैसे वाया गेले असं समजा.

लहान मुलांच्या बाबतीत तर माझी हात जोडून विनंती आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, कूर्चा असते, म्हणजे हाडाच्या जागी मऊ, लवचिक भाग, मग वर्षावर्षाने एकेक हाड तयार होत जातं आणि शेवटचं हाड तयार व्हायला आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. पकडही टप्प्याटप्प्याने येते, दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं, दोन-तीन वर्षांचं सगळी बोटं वरून लावून धरतं, चार वर्षांच्या आसपास तीन बोटं येतात पण हलतो सगळा हात, आणि नुसती बोटं हलवून लिहिणं पाच-सहा वर्षांच्या सुमारास जमायला लागतं. नव्या शैक्षणिक धोरणानेही पहिलीचं वय 6 पूर्ण असं धरलेलं आहे. मग साडेतीन वर्षांच्या बाळाला नर्सरीत अ आ इ ई ची दोन पानं होमवर्क कशासाठी? तेवढ्या वेळात त्याला भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, मटार सोलायला द्या, कणकेचा गोळा द्या मळायला, कपडे वाळत घालताना चिमटे लावायला सांगा, कात्रीने जुना कागद कापू द्या. आणि रांगोळी! रांगोळीची चिमूट म्हणजे पेनच्या पकडीत जी तीन बोटं लागतात तीच, वर धार बारीक सोडायची की जाड हे तीच बोटं ठरवतात, अंगणात वाकून हात मोकळा फिरतो तो वेगळाच फायदा. पाटीवरची पेन्सिलही अशीच, तुकडा छोटा असतो, मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो, आणि पाटीवर थोडा खरखरीत अडथळा मिळतो त्यामुळे हाताला आपण काय काढतोय ते कळतं. म्हणून मी अजूनही पहिलीच्या मुलांना खडूचे आणि पाटी-पेन्सिलीचे तुकडेच देते, अख्खी नाही.

आपल्या नाशिककरांना हे ठाऊक असावं म्हणून सांगते. टाकळीला ज्यांनी बारा वर्षं तप केलं त्या समर्थ रामदासांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनावर लिहिलाय. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही, मध्यम आकाराचं काढावं, पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, इतकं बारकाईने सांगितलंय. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसलं पाहिजे, एकाच टाकाने लिहिल्यासारखं. पहिल्या ओळीत सुंदर अक्षर कुणीही काढतं. शंभराव्या ओळीत तसंच येणं ही बसण्याची, श्वासाची, दमाची गोष्ट आहे, आणि मध्यम आकाराचा सल्लाही त्यातलाच वाटतो मला, फार बारीक अक्षर नुसत्या बोटांच्या टोकांनी काढावं लागतं, हात सरकतच नाही आणि बोटं लवकर थकतात.

दहावीच्या मुलांचा प्रश्न हाच आहे. भाषेचा पेपर तीन तासांचा, दीड तासानंतर हात भरून येतो आणि अक्षर मोडायला लागतं. परीक्षेला दोन महिने राहिलेत आणि आता पकड बदलू, असं अजिबात करू नका, नवीन पकडीत सुरुवातीला वेग कमीच होतो. त्यापेक्षा बसणं सुधारा, ते लगेच लागू पडतं. घरी पेपर सोडवताना गुबगुबीत खुर्चीवर नको, कडक बाकावर किंवा साध्या खुर्चीवर बसवा, सेंटरवर तसंच मिळणार आहे. बाक आणि डेस्क एकमेकांना जोडलेलं असेल तर ते सरकवता येत नाही, मग आपणच बाकाच्या पुढच्या कडेला यायचं, पाय पूर्ण टेकवायचे, उत्तरपत्रिका कलती ठेवायची. एक मोठं उत्तर झालं की पेन खाली ठेवायचं, हात बाकाच्या बाजूला खाली सोडून दोन-तीनदा हलके झटकायचे, खांदे वर उचलून सोडून द्यायचे, दहा सेकंद जातात आणि पुढची दोन पानं नीट येतात. आणि आपल्याकडची थंडी लक्षात घ्या, डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेत मुलांची बोटं अक्षरशः आखडलेली असतात, त्या वेळी आधी तळवे चोळा, काखेत धरा, मुठी उघडझाप करा आणि मग लिहा.

डावखुऱ्या मुलांसाठी सगळं उलटं होतं पण ते कुणी त्यांना सांगत नाही. त्यांचा कागद उजवीकडे कलायला हवा, आणि थोडा जास्तच, 30-40 अंश, वही शरीराच्या मध्यापेक्षा किंचित डावीकडे, पेन टोकापासून दीड इंच मागे धरलेलं, आणि हात ओळीच्या खाली. कागद सरळ ठेवला तर त्यांना आपण काय लिहिलं ते दिसत नाही, मग ते मनगट वरून वळवून आकड्यासारखा हात करून लिहितात, शाई पुसली जाते आणि हात काळा होतो. शिरोरेषा त्यांना ढकलत द्यावी लागते, ती उजवीकडून डावीकडे ओढली तर सरळ येत असेल तर खुशाल ओढू द्या, कागदावर रेघ उमटल्यावर ती कुठून सुरू झाली हे कुणाला कळणार आहे. वर्गात त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या उजव्या कोपराला कोपर लागत नाही, आणि दिवा उजव्या बाजूला. उजव्या हाताच्या मुलाला दिवा डावीकडे, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली ओळीवर पडते. हात बदलायला लावू नका, एवढं कृपा करून ऐका.

काही मुलांचं मात्र हे सगळं करूनही जमत नाही. नाक वहीला टेकवून लिहिणाऱ्या मुलाचे डोळे आधी तपासून घ्या, पोक काढायची सवय वाटते आणि निघतो चष्म्याचा नंबर. तोंडी उत्तर फटाफट देतंय पण तेच लिहायला सांगितलं तर अडतंय, अक्षरं उलटी पडतायत, फळ्यावरचं उतरवून घेणं जमत नाही, हात रोज दुखतोय, असं महिनोन्महिने चालू असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे लिहिण्यासारखी रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्या, त्यांचं ते रोजचं काम आहे. लिहिण्याची खरी अडचण असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळाची सवलत मिळते, त्यासाठी तपासणी आणि सर्टिफिकेट लागतं, आणि ते दहावीच्या वर्षात धावपळ करून काढण्यापेक्षा आधी काढलेलं बरं.

घरी सुरुवात करायची तर एका वेळी एकच बदला. पहिला आठवडा फक्त पाय आणि खुर्ची, अक्षराबद्दल एक शब्द बोलायचा नाही. मग वहीचा कल आणि डावा हात. मग पकड, आणि तीही रोज दहाच मिनिटं, बाकीचा होमवर्क ते जुन्या पद्धतीने करेना का, करू द्या, दहा मिनिटांचं हळूहळू बाकीच्या वेळात उतरतं. आणि मुलं वाढतात, सहा महिन्यांपूर्वी बरोबर बसलेला पाट आज जास्त होतो, गुडघे वर येतात, म्हणून जूनमध्ये नव्या वह्यांना कव्हर घालायला बसाल तेव्हा एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मुलाला खुर्चीवर बसवून कोपराशी टेबलाचं माप परत घ्या.